टेकू, पत्रे आणि परतीची तारीख

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की मुंबईत एक यादी निघते. म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींची पाहणी करतं आणि त्यांतल्या अतिधोकादायक इमारतींची नावं जाहीर करतं. २०२४ साली या यादीत २० इमारती होत्या, २०२५ साली ९६. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, डोंगरी, माझगाव या भागांतल्या लोकांना ही यादी पाठ असते. नाव आलं की पावसाआधी खोली रिकामी करायची, असं सरकारी पत्रक सांगतं. बरीच कुटुंबं ते वाचतात, घडी घालून देवघराच्या फळीवर ठेवतात आणि तिथंच राहतात.

बाहेरून पाहणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. जिन्याला लाकडी टेकू लागलेत, गॅलरीच्या तुळया वाळवीनं पोखरल्यात, छताच्या लोखंडाचे पापुद्रे भातात पडतात, तरी माणसं जागची हलत नाहीत. पण त्यांचा हिशेब भाबडा नसतो. पागडीची दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची खोली, महिना काही रुपये भाडं, हाकेच्या अंतरावर शाळा, बाजार, दवाखाना आणि स्टेशन. एकदा या खोलीला कुलूप लावून बाहेर पडलं की पुन्हा इथं पाऊल टाकायला मिळेल याची लेखी हमी कुणी देत नाही. इमारत आज पडेलच असं नाही. घर सोडलं तर मात्र ते आजच जातं.

या हिशेबाची किंमत किती होऊ शकते, ते ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी दिसलं. भेंडीबाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. या इमारतीचा पुनर्विकास ठरलेला होता. तिथली काही कुटुंबं काही वर्षांपूर्वीच तात्पुरत्या घरांत गेली होती, काही राहिली होती. त्यानंतर १६ जुलै २०१९ ला डोंगरीची केसरबाई इमारत पडली, आणि बरोबर वर्षानं, १६ जुलै २०२० ला, फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा भाग ढासळला. दर वेळी तोच प्रश्न विचारला गेला: लोक तिथं राहिलेच कसे? लोकांना जायला सांगितलं होतं ते नेमकं कुठं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

‘कुठं’चं सरकारी उत्तर पन्नास वर्षांहून जुनं आहे. मुंबईतल्या घरमालकांना भाडेनियंत्रणाखाली मिळणाऱ्या भाड्यात इमारत सांभाळणं परवडेना, इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली राज्यानं कायदा करून दुरुस्तीची जबाबदारी आपल्याकडे घेतली. त्यासाठी रहिवाशांकडून दुरुस्ती उपकर घ्यायचा आणि त्या पैशातून मंडळानं इमारती टिकवायच्या, अशी ती योजना. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. त्यांतल्या १६ हजारांहून अधिक १९४० च्या आधीच्या होत्या. दुरुस्तीचं काम मोठं असेल किंवा इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असेल, तर रहिवाशांना मधल्या काळात राहायला जागा हवी. म्हणून संक्रमण शिबिरं आली. मुंबईकर त्यांना ट्रान्झिट कॅम्प म्हणतात.

कागदावर ही साखळी अगदी सुटसुटीत आहे. नोटीस येते, कुटुंबाला शिबिरात गाळा मिळतो, जुनी इमारत उतरवतात, नवी उभी राहते आणि कुटुंब परत येतं. यातली पहिली तीन कामं सरकारच्या हातातली. चौथं काम जमिनीवर, मालकावर, विकासकावर, शेजाऱ्यांच्या संमतीवर आणि कधी कोर्टावर अवलंबून. भूखंड फारच चिंचोळा असेल, रस्तारुंदीकरणात अडकला असेल, तर तिथं नवी इमारत उभीच राहू शकत नाही. मग साखळी तिसऱ्या कडीला तुटते आणि कुटुंब शिबिरात राहून जातं.

शिबिरं कुठं आहेत, हे पाहिलं की पुढचं समजतं. शीवचं प्रतीक्षानगर आणि धारावी त्यातल्या त्यात जवळची. बाकी विक्रोळीचं कन्नमवारनगर, मानखुर्द, गोराई, बोरिवलीचं मागाठाणे, मालवणी. गिरगावातला माणूस गोराईला गेला की तो मुंबईतच राहतो, पण त्याचं आयुष्य चर्चगेटच्या गाडीला टांगलं जातं. आधी चालत दुकानावर जाणारा आता रोज दोन-तीन तास प्रवासात घालवतो. घरी डबे करून देणाऱ्या बाईची गिऱ्हाइकं जुन्या गल्लीत राहतात. धुणीभांडी करणारीची कामं सुटतात. शाळा बदलायची की मुलाला पहाटे साडेपाचला उठवायचं, हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो. वर्ष अर्धं सरलं असेल तर बहुतेक आया पहाटे उठवतात.

गाळा म्हणजे साधारण १६० ते १८० चौरस फुटांची एकच खोली. जुन्या चाळीतली खोलीही एवढीच असते, त्यामुळे आकाराबद्दल कुरकुर फार होत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. चाळीतल्या खोलीला गॅलरी असते. वाळवण तिथंच पडतं, पाहुणा आला की पुरुष तिथंच झोपतात, म्हातारी दुपारभर तिथंच बसते. आजोबांचा लोखंडी पलंग, सागवानी कपाट, पितळी भांड्यांची फळी, गणपतीचं मखर हे सगळं गॅलरीच्या भरवशावर त्या खोलीत मावत आलेलं असतं. शिबिरात गेल्यावर कपाट दारातून आत जात नाही किंवा गेलं तर झोपायला जागा उरत नाही. ते भावाकडे जातं, नाहीतर जुन्या बाजारात. तात्पुरतं जाणारं कुटुंब सामान बांधताना दोन ढीग करतं, एक नेण्याचा आणि एक नातेवाइकांकडे ठेवण्याचा. दुसऱ्या ढिगातलं सामान बहुधा परत येत नाही. नातेवाइकांकडेही जागा मोजूनच असते.

मुंबईत अशा गाळ्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास. त्यांत जन्मलेली मुलं आता आपल्या मुलांची लग्नं पाहू लागली आहेत. मूळ कुटुंबानं कंटाळून गाळा कुणाला तरी मुखत्यारपत्रावर विकला, कुणी रिकाम्या गाळ्याचं कुलूप तोडून आत शिरलं, कुणाला दलालानं खोटी पावती दिली, अशा तऱ्हांनी आत आलेल्यांना सरकारी भाषेत सरसकट ‘घुसखोर’ म्हणत. २०१९ साली सरकारनं शिबिरांत राहणाऱ्यांचे गट पाडले: मूळ रहिवासी, विकत घेऊन आलेले आणि बेकायदा शिरलेले. मूळ रहिवाशाला महिना ५०० रुपये भाडं आणि घुसखोराला ३,००० असा दर होता. म्हणजे ज्याला हाकलायचं त्याच्याकडूनच सहापट भाडं घ्यायचं! यातून शिबिरं रिकामी झाली नाहीत. आणि ती रिकामी नाहीत म्हणून ज्यांच्या इमारतीला आज टेकू लागला आहे, त्यांना जवळचा गाळा मिळत नाही.

ज्यांची जुनी इमारत कधीच उभी राहणार नाही, त्यांच्यासाठी म्हाडाची बृहत्सूची असते. लोक तिला मास्टर लिस्ट म्हणतात. विकासकांकडून म्हाडाला मिळणाऱ्या अतिरिक्त घरांतून या यादीतल्या कुटुंबांना कायमचं घर द्यायचं, असा नियम. यादीत नाव लागण्यासाठी रिकामी करण्याची नोटीस, भाडेपावती, वारसाहक्काचे कागद, शिबिराचं ताबापत्र असं सगळं लागतं. ज्यांनी १९८०-९० च्या दशकात घर सोडलं, त्यांच्या नातवांनी हे कागद कुठल्या पत्र्याच्या पेटीतून काढायचे?

घर सोडून तात्पुरत्या निवाऱ्यात राहण्याचा हा अनुभव पुण्याला त्याही आधी आला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेकाठच्या पेठांतले वाडे मातीसारखे विरघळले. शाळा, मंगल कार्यालयं, देवळं माणसांनी भरून गेली. पुनर्वसनाची सूत्रं स. गो. बर्वे या सनदी अधिकाऱ्याकडे दिली गेली आणि शहराच्या तेव्हाच्या वेशीबाहेर भराभर वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगरला निस्सेन हट उभारल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी निघालेला हा नमुना: पन्हळी पत्र्याची अर्धगोल कमान, दोन टोकांना दोन भिंती, की झालं घर. चटकन उभं राहतं, पाऊस अडवतं. पण संसार थाटायला घेतला की कळतं, या घराला सरळ भिंती दोनच. बाकीची भिंत जमिनीपासूनच आत वळायला लागते. कपाट टेकवलं तर मागं वीतभर फट राहते, फळी ठोकता येत नाही, उंच माणसाला कडेनं चालता येत नाही. वाड्यातून आलेल्या बायकांनी या कमानीत चूल, देव आणि पिंप यांची जागा कशी ठरवली असेल, याचा कल्पनेनंच अंदाज करायचा.

तरीही पुण्याचं उदाहरण मुंबईपेक्षा बरं म्हणावं लागेल. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी इथं पूरग्रस्तांना खोल्या किंवा भूखंड मिळाले आणि शहरच त्यांच्याभोवती वाढलं. वेशीबाहेरची जागा वीस वर्षांत मध्यवस्ती झाली. त्रास उरला तो कागदाचा. शंभराहून अधिक पूरग्रस्त सोसायट्यांच्या जमिनी भाडेपट्ट्यावर होत्या आणि त्या मालकीच्या करून घेण्यासाठीचं झगडणं पुढं कैक दशकं चाललं. पूर एका दिवसात ओसरला. सातबाऱ्यावरचा आणि मालमत्तापत्रकावरचा शासनाचा शिक्का इतक्या सहजी निघाला नाही.

किल्लारीची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली असताना, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हलली. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ज्या माळवदानं पिढ्यान्‌पिढ्या ऊन अडवलं, त्याच्याखालीच सुमारे आठ हजार माणसं गाडली गेली. वाचलेल्यांसाठी पत्र्याच्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाड्यातल्या एप्रिलात पत्र्याखाली राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. दुपारी माणसं झाडाखाली आणि रात्री उघड्यावर. तरी पत्र्याबद्दलची तक्रार बेताचीच होती, कारण पत्रा अंगावर पडला तर माणूस मरत नाही. भूकंपाच्या पट्ट्याबाहेरच्या गावांतही लोकांनी धड उभं असलेलं घर सोडून अंगणात पत्रे ठोकले आणि कित्येक महिने तिथंच अंग टाकलं.

इथं एक गोष्ट नीट झाली. शेड उभारत असतानाच कायमच्या घरांची आखणी सुरू झाली होती. जागतिक बँकेच्या कर्जासह पैसा आला, ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं आणि लाभार्थ्यांच्या याद्या गावासमोर आल्या. घर किती मोठं, हे जमिनीच्या धारणेवर ठरलं: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. हा निकष भूमिहीनांवर अन्याय करणारा होता, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि ते खरं होतं. नवी गावं शहरासारखी चौकोनी आखली गेली, घरं लांब लांब पडली, जनावरांना जागाच ठेवली नाही. लोकांनी मग काँक्रीटच्या घराला टेकून पुन्हा पत्र्याच्या शेड घातल्या. पण शेडमधल्या कुटुंबाला आपल्या नावावर किती फुटांचं घर आणि कोणत्या गावठाणात येणार आहे, ते माहीत होतं. संक्रमण शिबिरातल्या कुटुंबाला ते माहीत नसतं, आणि खरं दुःख तिथं आहे. एकाच्या डोक्यावर तापणारा पत्रा होता, दुसऱ्याच्या डोक्यावर स्लॅब. सुखानं वाट कोण पाहू शकलं, ते स्लॅबवरून ठरलं नाही.

गेल्या दहा वर्षांत पत्र्याची जागा कंटेनरनं घेतली आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, तेव्हा वाचलेल्यांसाठी कंटेनर आले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौक गावाजवळ कंटेनरमध्ये हलवलं. कंटेनर ट्रकवरून येतो, क्रेननं उतरतो, वीज जोडली की संध्याकाळी दिवा लागतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या दृष्टीनं यापेक्षा सोयीचं काही नाही. पण लोखंडाची पेटी दुपारी भट्टी होते, पंख्यानं गरम हवाच फिरते आणि चूल मांडायची तर बाहेर मांडावी लागते. ज्यांची नाचणी, गवत, लाकूडफाटा, कोंबड्या सगळं डोंगरावर, त्यांना खाली महामार्गालगत आणून ठेवलं की जीव वाचतो आणि रोजगार वर राहतो. तळियेच्या लोकांनी एकाहून अधिक पावसाळे कंटेनरात काढले. माळीणला २०१४ च्या दरडीनंतर नवं गाव मिळायला २०१७ चा एप्रिल उजाडला होता.

जपाननं यातला एक धडा फार महागात घेतला. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर सुमारे ४८ हजार तात्पुरती घरं बांधली गेली आणि म्हातारी, अपंग माणसं आधी, या सद्‌हेतूनं ती सोडतीनं वाटली. कुणी कुठल्या वसाहतीत गेलं, कुणी कुठल्या. ओळखीचं दार राहिलं नाही. या वसाहतींत एकटी मेलेली आणि नंतर कधीतरी सापडलेली माणसं दोनशेच्या वर निघाली. २००४ मध्ये निईगाताच्या भूकंपात यामाकोशी गाव खाली आणावं लागलं, तेव्हा प्रशासनानं शेजाऱ्याला शेजारी ठेवून वाडीच्या वाडी एकत्र हलवली. आपल्याकडे इर्शाळवाडी एकत्र राहिली, कारण ती लहान होती. मुंबईतल्या एका चाळीचे चाळीस बिऱ्हाडकरू मात्र जिथं गाळा रिकामा असेल तिथं, चार दिशांना जातात.

घर सोडण्याची वेळ आलीच तर हक्क कसा टिकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनं पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं की इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, कारण भाड्यानं घेतलेली गोष्ट म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, खालची जमीनही त्यात येते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं धोकादायक इमारतींबाबत जे दंडक घालून दिले, त्यानुसार पाडण्याआधी महापालिकेनं रहिवाशांची आणि प्रत्येकाच्या ताब्यातल्या क्षेत्रफळाची नोंद करायची असते. हा कागद हाती आल्याशिवाय किल्ली देऊ नये. सामान हलवायच्या गडबडीत घरातली कर्ती माणसं टेम्पोवाल्याशी घासाघीस करत बसतात आणि मोजणीच्या वेळी खोलीत कुणीच नसतं, असं सर्रास घडतं.

पूर, वादळ किंवा दरड असेल तर पहिला कागद म्हणजे पंचनामा. तलाठी आणि ग्रामसेवक येईपर्यंत चिखल काढू नये, हे सांगायला सोपं. दोन दिवस कुजलेल्या धान्याच्या वासात बसणं अवघड. निदान फोटो काढून मगच फावडं हातात घ्यावं. केंद्राच्या सध्याच्या निकषांप्रमाणे घर पूर्ण पडलं तर सपाटीच्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान असेल तर ६,५०० रुपये. या आकड्यांत मधल्या काळाचं भाडं धरलेलं नाही. त्या काळात बहुतेक कुटुंबं पाहुण्यांकडे राहतात. पहिले पंधरा दिवस चहा कपबशीतून येतो, मग पेल्यातून. लेकीच्या सासरी किती दिवस राहायचं, याचा निकष कुठल्याच शासननिर्णयात नसतो.

शहरातल्या फ्लॅटधारकांनी याबाबत एक साधी गोष्ट करायला हरकत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी विकावी लागते. विमा असलेल्या कारणानं घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही तिच्यात धरलेलं असतं. कर्जाच्या वेळी बँकेनं गळ्यात मारलेला गृहविमा कपाटात पडलेला असतो. तो उघडून हे कलम वाचावं.

म्हाडानंही आता गाळ्याऐवजी भाड्याचा मार्ग धरला आहे. अतिधोकादायक इमारतीतलं कुटुंब स्वतः घर शोधणार असेल तर महिना २० हजार रुपये देण्याचं २०२५ मध्ये ठरलं. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ही रक्कम २५ हजार आहे. तिथल्या काही कुटुंबांनी भाडं घेतलं, काहींनी जवळच्या गिरण्यांच्या जागेवरच्या संक्रमण इमारती पत्करल्या. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. तिथं शासन स्वतः उभं होतं आणि जमीनही शासनाची होती. खासगी मालकाच्या चिंचोळ्या भूखंडावरच्या गिरगावातल्या कुटुंबाला हे भाग्य नाही. त्यानं २० हजार घेतले तरी शेजारच्या गल्लीत खोली मिळणं कठीण. मिळाली तर अनामत रक्कम आणि दलाली आधी मोजायची, करार अकरा महिन्यांचा, आणि बारावा महिना लागताना घरमालक भाडं वाढवून मागणार. म्हणून पुष्कळ कुटुंबं डोंबिवली, विरार, कल्याण गाठतात, किंवा संसाराचे दोन भाग करतात: आई-वडील गावी कोकणात, मुलगा-सून भाड्याच्या खोलीत, आणि दहावीतली नात आत्याकडे, कारण आत्याचं घर शाळेपासून जवळ आहे.